आपत्तीचा नकाशा कोण काढतो?

१२ जानेवारी २०१० रोजी दुपारी चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स हादरली. भूकंपाची तीव्रता ७.० होती. राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद, मुख्य चर्च, संयुक्त राष्ट्रांचे कार्यालय, शाळा, इस्पितळे, सगळे मिनिटाभरात बसले. मृतांचा आकडा आजही वादाचा आहे. अंदाज एक लाखापासून तीन लाखांच्या पुढे जातात. या पडझडीत आणखी एक इमारत होती, जिच्याकडे बातम्यांचे फारसे लक्ष गेले नाही. देशाचे नकाशे तयार करणारी आणि सांभाळणारी राष्ट्रीय संस्था त्या इमारतीत होती. इमारतीबरोबर तिथली माणसेही गेली. जगभरातून बचावपथके विमानाने उतरत होती, आणि या शहरात कोणती गल्ली कुठे जाते, हे सांगणारी अधिकृत जागा मात्र ढिगाऱ्याखाली होती.

इंटरनेटवरच्या नकाशांत पोर्ट-ओ-प्रिन्सचे चार-दोन मुख्य रस्ते होते, बाकी बहुतांश कोरे. ज्या वस्त्यांत सर्वांत दाट लोकसंख्या होती, त्याच सर्वांत कोऱ्या होत्या. याचे कारण कळायला अवघड नाही. व्यापारी नकाशे जिथे गिऱ्हाईक आहे तिथे बनतात, आणि टेकडीच्या उतारावरच्या झोपडपट्टीत मोटारीतून रस्ता शोधत कुणी जात नाही.

मग पुढच्या काही दिवसांत जे घडले, त्यातून आज आपत्तीनंतर उपग्रहांचा जो उपयोग केला जातो त्याची पद्धत बरीचशी ठरली. म्हणून हैतीपासून सुरुवात केली. ‘उपग्रहाने फोटो घेतला आणि मदत पोहोचली’ असे आपण वर्तमानपत्रात एका वाक्यात वाचतो. त्या दोन घटनांच्या मध्ये बरेच काही असते, आणि गफलत होते ती बहुधा तिथेच.

पहिला प्रश्न, फोटो केव्हा मिळतो? पृथ्वीची छायाचित्रे घेणारे बहुतेक उपग्रह साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर उंचीवरून, ध्रुवावरून ध्रुवाकडे फिरतात. त्यांची कक्षा अशी बसवलेली असते की कोणत्याही गावावरून जाताना तिथल्या सूर्याची वेळ जवळपास तीच असावी. प्रकाशातले फोटो घेणाऱ्या अनेक उपग्रहांची ही वेळ सकाळी साडेदहाच्या आसपासची असते, कारण तेव्हा सावल्या पुरेशा असतात आणि दुपारचे ढग अजून जमलेले नसतात. हैतीचा भूकंप संध्याकाळच्या तोंडाशी झाला. म्हणजे पहिले स्वच्छ चित्र दुसऱ्या दिवशी सकाळी. ते त्याप्रमाणे मिळालेही. जिओआय नावाच्या अमेरिकी कंपनीच्या उपग्रहाने ते घेतले आणि कंपनीने ते मदतकार्यासाठी खुले केले. टेहळणीचा कॅमेरा चोवीस तास एखाद्या गावावर रोखलेला असतो, अशी जी समजूत चित्रपटांनी करून दिली आहे ती सोडून द्यावी. उपग्रह एसटीसारखा असतो. त्याचा मार्ग आणि वेळ ठरलेली, आणि मधल्या वेळात हात दाखवून तो थांबत नाही.

दुसरा प्रश्न, फोटो कुणाचा? प्रत्येक देशाकडे उपग्रह नाहीत, आणि ज्यांच्याकडे आहेत त्यांचा उपग्रह नेमका त्या दिवशी त्या जागेवरून जाईल असेही नाही. यावर उपाय म्हणून युरोपीय अंतराळ संस्था आणि फ्रान्सची अंतराळ संस्था यांनी १९९९ मध्ये व्हिएन्नाच्या अंतराळविषयक परिषदेनंतर एक करार पुढे आणला. कॅनडाने २००० मध्ये त्यावर सही केली आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून तो अमलात आला. ‘अंतराळ आणि मोठ्या आपत्ती’ यांविषयीचा हा आंतरराष्ट्रीय करार. आपली इस्रो २००१ मध्ये त्यात सामील झाली. व्यवस्था साधी आहे. एखाद्या देशाच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेने रात्री-अपरात्री एक फोन करायचा. पलीकडे चोवीस तास माणूस बसलेला असतो. तो विनंती खरी आहे ना हे तपासतो, मग पाळीवर असलेला अधिकारी कोणत्या सदस्याचा कोणता उपग्रह सर्वांत आधी तिथून जाणार आहे हे पाहून त्यांना कामाला लावतो. चित्रे मदतीसाठी फुकट मिळतात. पहिली विनंती नोव्हेंबर २००० मध्ये स्लोव्हेनियातल्या एका दरडीसाठी होती. कच्छचा भूकंप त्यानंतर दोन महिन्यांनी झाला, तेव्हाही ही व्यवस्था वापरली गेली. सुरुवातीला सदस्य देशांच्या ठरावीक संस्थाच असा फोन करू शकत. २०१२ पासून कोणत्याही देशाच्या राष्ट्रीय आपत्ती संस्थेला हे दार उघडे केले गेले. मला ही तरतूद मूळ करारापेक्षाही मोलाची वाटते, कारण उपग्रह नसलेल्या देशांनाच त्याची जास्त गरज असते.

पण चित्र म्हणजे नकाशा नव्हे. चित्रात राखाडी पट्टा दिसतो. तो रस्ता आहे की कोरडा ओढा, हे कुणीतरी ठरवावे लागते. चौकोनी ठिपका दिसतो; ते घर आहे की पाण्याची टाकी, तेही. हैतीच्या वेळी हे काम जगभरच्या स्वयंसेवकांनी आपापल्या घरी बसून केले. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा कुणीही भर घालू शकेल असा खुला नकाशा २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेला होता. पहिल्या काही आठवड्यांत सहाशेच्या आसपास लोकांनी उपग्रहचित्रे समोर ठेवून त्यावरून रस्ते, घरे, पडलेले पूल आणि मैदानांत उभ्या राहिलेल्या छावण्या रेखाटल्या. नकाशा तासातासाला भरत गेला. बचावपथकांनी तो आपल्या हातातल्या जीपीएस यंत्रांत उतरवून घेतला.

याच वेळी ४६३६ हा लघुसंदेशाचा क्रमांक सुरू झाला होता. अडकलेली माणसे त्यावर मदत मागत होती, क्रिओल भाषेत आणि आपल्या मोहल्ल्याच्या बोलीतल्या खुणा सांगून. अमुक बेकरीच्या मागे, तमुक चर्चच्या उताराला. ही भाषा अमेरिकी बचावपथकाला कळत नव्हती आणि ही ठिकाणे कोणत्याही नकाशात नव्हती. ती ओळखली अमेरिकेत आणि कॅनडात स्थायिक झालेल्या हैतीच्या लोकांनी. त्यांनी संदेशांचे भाषांतर केले आणि आठवणीतून जागा दाखवल्या. उपग्रह छत दाखवतो, छताखालच्या वस्तीला लोक काय म्हणतात ते दाखवत नाही. ही अडचण पुढेही सुटलेली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात हैतीत कॉलरा आला, तेव्हा ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’च्या डॉक्टरांसमोर तीच उभी राहिली. रोगी आपल्या वस्तीचे नाव सांगत, पण ती वस्ती कुठे आहे हे नोंदवायला नकाशाच नसे, आणि त्याशिवाय कोणत्या पाणवठ्यावरून साथ पसरते आहे ते कळत नाही.

हैतीने आणखी एक गोष्ट शिकवली, ती जास्त कडू आहे. पडलेली घरे मोजण्यासाठी शेकडो अभियंत्यांनी उपग्रहाची आणि विमानातून घेतलेली चित्रे तपासली. पण वरून पाहणाऱ्याला छप्पर दिसते. मधले मजले एकमेकांवर पत्त्यांसारखे बसले आणि गच्ची मात्र अखंड खाली आली, तर वरून ती इमारत शाबूत वाटते. भिंतींना पडलेल्या भेगा तर दिसतच नाहीत. भूकंपाच्या नुकसानीची जी युरोपीय श्रेणी वापरतात तिच्यात पाच पायऱ्या आहेत. वरून पाहून त्यांतल्या शेवटच्या दोनच खात्रीने सांगता येतात, म्हणजे फार मोठे नुकसान आणि संपूर्ण नाश. प्रत्यक्ष पाहणीत निघालेले नुकसान वरून मोजलेल्यापेक्षा बरेच जास्त होते. आज संगणकाला अशी चित्रे शिकवून काही तासांत पडझडीचा नकाशा काढता येतो. तो लाल-पिवळ्या रंगांत इतका नेटका येतो की विश्वास बसतोच. अडचण अशी की नकाशात जिथे रंग नाही तिथे ‘नुकसान नाही’ असे वाचले जाते, आणि प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘वरून दिसले नाही’ एवढाच असू शकतो.

नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ रोजी ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा परिस्थिती थोडी वेगळी होती. काठमांडूत ‘काठमांडू लिव्हिंग लॅब्ज’ नावाची स्थानिक संस्था आधीपासून काम करत होती. तिच्या तरुणांनी भूकंपापूर्वीच शहरातल्या शाळा आणि इस्पितळे फिरून खुल्या नकाशावर नोंदवली होती. भूकंपानंतर जगभरातून हजारो हात मदतीला आले, पण त्यांना काय आधी काढायचे ते सांगणारे लोक काठमांडूतलेच होते, अंगणात तंबू टाकून बसलेले. हैती आणि नेपाळ यांतला हा फरक उपग्रहांच्या फरकापेक्षा मोठा आहे, असे माझे मत आहे.

आता आपल्या नेहमीच्या आपत्तीकडे, म्हणजे पुराकडे येऊ. पावसाळ्यात प्रकाशातला फोटो घेणारा उपग्रह जवळजवळ आंधळा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्रीवरून तो गेला तर त्याला पांढऱ्या ढगांखेरीज काही दिसत नाही. इथे रडार कामाला येते. रडारचा उपग्रह स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतो आणि जमिनीवरून परत आलेल्या लहरी टिपतो. ढग आणि रात्र त्याला आड येत नाहीत. युरोपचा सेंटिनेल-१ आणि आपले रिसॅट मालिकेतले उपग्रह या जातीचे. सेंटिनेलची तरंगलांबी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास असते. तो सरळ खाली न पाहता तिरकस पाहतो. खडबडीत जमिनीवर लहरी आपटल्या की त्या सगळीकडे विखुरतात, काही परत येतात, आणि चित्रात ती जागा राखाडी दिसते. संथ पाणी मात्र आरशासारखे असते. तिरकस आलेली लहर तिरकसच पुढे निघून जाते, परत काही येत नाही, आणि पाणी काळेभोर दिसते. पुराआधीचे आणि पुरातले चित्र शेजारी ठेवायचे. जे नव्याने काळे झाले ते पुराचे पाणी. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेली तेव्हा असेच नकाशे तयार झाले.

कल्पना सुंदर आहे, पण तिला खोडी पुष्कळ. विमानतळाची धावपट्टीही गुळगुळीत असल्याने काळी दिसते. डोंगराच्या पलीकडच्या कड्यावर लहर पोहोचतच नाही, तिथली सावलीही काळी, आणि सह्याद्रीत अशा सावल्यांना तोटा नाही. कोकणात आवणी होत असताना खाचरांत मुद्दाम पाणी साठवलेले असते. रडारच्या लेखी तोही पूरच. याउलट शहरात पाणी शिरले तर लहर आधी पाण्यावर, मग भिंतीवर आपटून थेट परत येते, आणि पाणी काळे दिसण्याऐवजी जागा अधिकच उजळ होते. पंचगंगा आणि कृष्णा यांच्या काठी तर उभा ऊस. दीड-दोन पुरुष उंचीच्या पाल्यावरूनच छोट्या तरंगलांबीची लहर परत फिरते, खालचे गुडघाभर पाणी तिला कळत नाही. म्हणजे ज्या पट्ट्यात शेतकऱ्याचे सर्वांत जास्त पीक कुजते आहे, तोच नकाशात कोरडा राहू शकतो. नुकसानभरपाईसाठी असा नकाशा पुरावा म्हणून टेबलावर येणार असेल, तर हे तहसील कचेरीतल्या माणसाला माहीत असायला हवे. लांब तरंगलांबीच्या लहरी पानांतून खाली जातात. नासा आणि इस्रो यांचा निसार हा उपग्रह चोवीस सेंटिमीटरच्या आसपासच्या लहरीही वापरतो, आणि त्यामुळे त्याच्याकडून इथे अपेक्षा आहेत.

वेळेचा प्रश्न उरतोच. एकटा सेंटिनेल-१ त्याच कक्षेवरून बारा दिवसांनी परत येतो. नदीचा पूर पाच-सहा दिवस टिकला तर तो सापडतो. ओढ्याचा लोंढा तीन तासांत येऊन जातो, तो सापडत नाही. शिवाय रुंद पट्टा हवा की बारीक तपशील, यातले एकच निवडावे लागते. सेंटिनेल-१ एका फेरीत अडीचशे किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपतो, पण त्यात घर ओळखू येत नाही. आपला कार्टोसॅट-३ पाव मीटरपर्यंतचा तपशील दाखवतो, पण त्याचा पट्टा सोळा किलोमीटरच्या आसपास. म्हणजे आपत्ती कुठे झाली आहे हे आधी माहीत असेल तरच त्याला तिथे पाहायला सांगता येते.

३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमध्ये दरड कोसळली. दुसऱ्या दिवशी इस्रोच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने कार्टोसॅट-३ आणि रिसॅटची चित्रे घेतली. साडेपंधराशे मीटर उंचीवर सुमारे ८६ हजार चौरस मीटर भाग सुटला होता, आणि चिखल-धोंड्यांचा लोंढा जवळजवळ आठ किलोमीटर धावला होता. याच कामात दिसले की त्याच जागी आधीही दरड कोसळलेली होती आणि तिची नोंद केंद्राकडे होती. या केंद्राने २०२३ मध्ये भारताचा दरडींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला आहे. त्यात १९९८ ते २०२२ या काळातल्या सुमारे ऐंशी हजार दरडी असून त्या सतरा राज्ये आणि दोन केंद्रशासित प्रदेशांतल्या १४७ जिल्ह्यांत आहेत. जुनी दरड जिथे आली तिथे नवी येण्याची शक्यता असते, हे भूगर्भशास्त्राचे अगदी प्राथमिक ज्ञान. नोंद आणि वस्ती यांचे नाते जोडायचे काम मात्र उपग्रहाचे नाही.

त्याच तारखेला, दहा वर्षांपूर्वी, ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गेले. सुमारे दीडशे माणसे गाडली गेली. गाव जागेवर नाही, ही बातमी बाहेर आणली ती एसटीच्या चालकाने. नेहमीच्या फेरीला गाडी घेऊन गेला तेव्हा त्याला गाव दिसेना. आकाशात तेव्हाही आपले उपग्रह होते. (निसारचे उड्डाणही ३० जुलैचेच, २०२५ मधले. योगायोगच, पण लक्षात राहतो.)

आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकर समाजाची इर्शाळवाडी. गाडीरस्ता नव्हता, यंत्रे वर नेता आली नाहीत, बचावपथके पावसात चिखलातून चढून गेली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. यादी गावांची असते, आणि वाडी ही महसुली गाव असतेच असे नाही. आपल्याकडे एका महसुली गावाच्या हद्दीत पाच-सात वाड्या आणि पाडे पसरलेले असतात. जनगणनेच्या तक्त्यात ते सगळे गावाच्या एका नावाखाली जातात. नकाशावरचा ठिपका मात्र गावठाणावर, बहुधा सपाटीला. उतारावर राहणारी माणसे त्या ठिपक्यात मोजली जातात, पण त्या ठिपक्यावर राहत नाहीत.

गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी अलीकडे उपग्रहचित्रांतून संगणकाकरवी कोट्यवधी इमारती ओळखून त्यांची माहिती खुली केली आहे. तिचा उपयोग मोठा आहे. घरांची संख्या गुणिले घरटी माणसे, असा ढोबळ हिशेब करून कुठे किती अन्न आणि किती तंबू न्यायचे ते ठरवता येते. तरी आंब्या-फणसाखाली झाकलेले घर तिच्यातून निसटते, पेंढ्याचे छप्पर जमिनीच्या रंगात मिसळते, आणि गोठा घर म्हणून मोजला जातो. आपल्याकडे आणखी एक अडथळा होता. २०११ च्या धोरणानुसार एक मीटरपेक्षा बारीक तपशिलाची उपग्रहचित्रे मिळवायला परवानगी लागे, आणि नकाशे काढण्यावरही निर्बंध होते. फेब्रुवारी २०२१ च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी यातले बरेच सैल केले. सुरक्षेचे कारण खोटे नव्हते. पण परदेशी कंपन्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही दिसणारी गच्ची आपल्याच पंचायतीला नकाशावर मागायला अर्ज करावा लागत असे, हे विचित्रच होते.

२०१४ मध्ये ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’, ब्रिटिश आणि अमेरिकी रेड क्रॉस, आणि हैतीनंतर स्थापन झालेली ‘ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम’ यांनी मिळून ‘मिसिंग मॅप्स’ नावाचे काम सुरू केले. आपत्ती येण्याची वाट न पाहता कोरे भाग आधीच भरून ठेवायचे, हा हेतू. काम तीन टप्प्यांत चालते. आधी दूरदेशीचा स्वयंसेवक उपग्रहचित्रावरून घरे आणि वाटा रेखाटतो. मग त्या भागातला माणूस छापील कागद किंवा फोन घेऊन पायी फिरतो आणि विचारतो: या वस्तीला काय म्हणतात, दवाखाना कुठे, विहिरीला पाणी कधीपर्यंत असते, ही वाट पावसात चालते का. त्यानंतर ही माहिती मदतसंस्था वापरतात. पहिला टप्पा कुठेही बसून होतो आणि तो यंत्रानेही होऊ लागला आहे. दुसऱ्याला वेळ लागतो, पैसे लागतात, आणि त्याचे छायाचित्र कुणी छापत नाही.

त्या फिरण्यात नेहमी येणारी एक अडचण म्हणजे एकाच पाड्याची दोन नावे. तिथले लोक एक सांगतात, शेजारचे दुसरे, आणि सरकारी कागदावर कधीकधी तिसरे. खुल्या नकाशात अशा वेळी एक नाव निवडून बाकीची खोडायची नसतात. पर्यायी नावांसाठी नोंदीत वेगळा रकाना ठेवलेला आहे, आणि रात्री येणारा फोन कोणत्या नावाने येईल ते आधी माहीत नसते, म्हणून तिन्ही लिहायची असतात.